पुसलेलं नाव

वनलानने जुने व्हिडिओ गेम चालवणारं यंत्र बनवलं आणि त्याच्या चिपमध्ये भरायचा प्रोग्राम जगासाठी खुला ठेवला. अट एकच: बनवा, विका, पण माझं नाव राहू द्या. शेन्झेनच्या बाजारातल्या खोंग मालकाने नेमकं तेच पुसलं आणि यंत्र आपलं म्हणून विकलं. ती जाब विचारायला गेली, तर भर दुकानात दात काढून म्हणाला, "अहो बाई, उघड्यावर ठेवलेलं उचललं! आता गळा काढून काय उपयोग?"

घरी येऊन वनलानने आणखी वेगवान प्रोग्राम लिहिला. तोही खुला. सोबतच्या माहितीत पहिलीच ओळ होती: नाव पुसलंत, तर यंत्र तासाभराने तोंड उघडेल.

पण खोंगला वाचायला सवड कुठली? त्या बाजारात जरा उशीर केला की तोच माल शेजारच्या दुकानात दिसतो. त्याने नाव पुसलं, दोन मिनिटं चालवून पाहिलं आणि माल थेट प्रदर्शनात मांडला.

गिऱ्हाइकांच्या गराड्यात वनलानही चहाचा थर्मास घेऊन उभी राहिली. तास भरला. सगळ्या पडद्यांवरचे खेळ थांबले आणि अक्षरं उमटली: "हा माल चोरीचा. बनवणारीचं नाव पुसलंय."

खोंग घामाघूम होऊन तिच्याकडे धावला. "बाई, पाया पडतो, हे बंद कसं करायचं?"

वनलानने सावकाश एक घोट घेतला.

"मला काय विचारता, मालक? उघड्यावरच ठेवलंय. उचला की!"