राजसबाईंना झोपवलं ती मी

मी मिडाझोलमची बाटली बोलतेय. अंगठ्याएवढी, काचेची, वर रबरी बूच. माझं औषध अंगात गेलं की माणूस गुंगतो आणि मधलं त्याला काही आठवत नाही. या गुणाचं फार कौतुक होतं. आज मला त्याचीच चीड आलीय.

कारखान्यातून खोक्यात बसून मी चेन्नईच्या या दवाखान्यात आले. इथे जुन्या कंबरदुखीवर मणक्याजवळ सुई घालून औषध सोडतात. पेशंट जागा असला तर सुई नसेला लागताच ओरडतो आणि डॉक्टर हात आवरतात. इतकी साधी गोष्ट!

राजसबाई तांबरमच्या शाळेत गणित शिकवतात. सात वर्षं कंबर धरून फळ्यापुढे उभ्या आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, तीही उभ्यानेच काढायची, एवढाच त्यांचा हट्ट. मागच्या इंजेक्शनाला पायात करंट गेला, त्या ओरडल्या आणि डॉक्टरांनी सुई वळवली. म्हणून आजही मला जागंच राहायचंय, असं खाटेवर बसून त्यांनी मुलाला बजावलं.

मुलगा विजयेंद्र सिरुसेरीला मोठ्या कंपनीत आहे. त्याच्या कानात अजून आईचं ते ओरडणं होतं. तिला काही सांगू नका, उगाच घाबरेल, असं त्याने बाहेर जाऊन डॉक्टर चंद्रमौळींना सांगितलं आणि गुंगीच्या संमतीच्या कागदावर स्वतःच सही ठोकली. प्रेमापोटी हो! अशा प्रेमाचा मला संताप येतो. आणि डॉक्टर? शुद्धीत बसलेल्या बाईची सही तिचीच हवी, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण गुंगलेला पेशंट हलत नाही, काम पटापट होतं.

राजसबाईंना सलाइन म्हणून सांगितलं आणि मला त्यांच्या हाताच्या शिरेत सोडलं. पाठीत सुई शिरताना उजवा पाय जोरात झटकला. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. तो मी दाबला. सिस्टरने पाय दाबला.

जाग आली तेव्हा राजसबाईंचं उजवं पाऊल वर उचलेना. बधिरपणा आहे, बहुतेक उतरेल, तुम्ही अगदी शांत होतात, असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

"कण्णा, बाळा, तेव्हा मला दुखलं का रे? काहीच आठवत नाही."

"नाही अम्मा. तुला त्रास नको म्हणून मीच सही केली."

"पाय माझा ना? मग मला का नाही विचारलंस?"

विजयेंद्रने तिच्या पायावर चादर ओढली. दुखलं हो बाई, फार दुखलं. पण ते आता माझ्याशिवाय कोण सांगणार?

मी अजून अर्धी भरलेली आहे. खाटेवर ओरगडमच्या कारखान्यातला एक माणूस पालथा झोपलाय. दाराबाहेर त्याची बायको सहीसाठी पेन शोधतेय. सिस्टरने माझ्या बुचात सुई खुपसली.

अरे बाबा, जागा आहेस तोवर विचार, हे काय देताय मला. लवकर विचार.