मिश्री भाजणारा तवा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी तवा आहे. सध्या माझा मुक्काम आष्ट्याजवळच्या एका मळ्यातल्या उकिरड्यावर आहे. तुम्ही मुलं चेंडू शोधत इकडे येता, म्हणून तुम्हालाच सांगतो. जवळ बसा, पण मला घरात नेऊ नका.

म्हसवडला सिद्धनाथाच्या यात्रेत एका लोहाराच्या पालावर मी विकायला होतो. सुलाबाईचं लग्न ठरलं होतं. तिच्या वडिलांनी मला बोटांनी वाजवून पारखलं आणि लेकीबरोबर या ऊसपट्ट्यात पाठवलं. माझ्यावर तिची भाकरी अशी टम्म फुगायची की तिचा सासरा जेवताना म्हणायचा, "पोरी, तुज्या तव्याला गुण हाय बग." ते ऐकून मी फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू.

मग घरात गॅस आला आणि त्याच्याबरोबर गुळगुळीत नवा तवा आला. माझी रवानगी घरामागच्या परड्यातल्या तीन दगडांच्या चुलीमागे झाली. तिथं मी गंजत पडलो. एके दिवशी सुलाबाई गाल धरून माझ्यापाशी आली. तिची दाढ ठणकत होती आणि शेजारच्या रंगुबाईनं तिला तंबाखू दिली होती. तिनं मला जाळावर ठेवलं, तंबाखू माझ्यावर टाकून काळी होईस्तोवर भाजली, चुरली आणि ती मिश्री हिरड्यांना घासली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "थांबलं गं बाई." मला मात्र धाकधूक वाटू लागली. ठणका थांबला होता, पण दाढेतली कीड तिथंच होती आणि आता तिला कुणी विचारणार नव्हतं.

सकाळची मिश्री दुपारी आली, मग रात्रीही आली. ती लावल्याशिवाय सुलाबाईचं पोट साफ होईना. हिरड्या खचत गेल्या. दात न दुखताच हातात येऊ लागले आणि दुखत नाही म्हणजे बरंच, असं ती समजायची. पुढे साखरेचा आजार निघाला. गोळ्या घेऊनही साखर खाली येईना, म्हणून ती गोळ्यांनाच नावं ठेवायची. तोंड काही तिनं कुणाला दाखवलं नाही. माझ्यावर शेकड्यांनी भाकऱ्या केलेली बाई आता दुधात भाकरी कुस्करून गिळायची. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

मग तिची सून अंकिता गरोदर राहिली. एका सकाळी परड्यात दात घासताना ती थुंकली, थबकली आणि सासूला म्हणाली,

"आत्या, हिरड्यांतनं रगात येतंय."

"मग बरश ठिव की बाजूला. मिसरी लाव. हिरड्या कशा घट व्हत्यात बग."

सुलाबाईनं हे मायेनंच सांगितलं. आपल्या डबीतली चिमूट तिनं सुनेच्या तळहातावर ठेवली. अंकिताला आधी भोवळ आली, ओकारी आली, मग सवय झाली. रक्तही दिसेनासं झालं. माझ्यावर दुप्पट तंबाखू पडू लागली आणि मला त्या पोटातल्या बाळाची काळजी लागली.

आरोग्य खात्याची आशाताई संयोगिता तपासणीला आली. अंकिताचं काळं बोट बघून ती तिथंच बसली.

"वैनी, ह्ये तोंडात ऱ्हात न्हाई. रगतातनं बाळापातूर जातंय. पोटुशी असताना हिरड्यांतनं रगात येतंय, तवा मऊ बरश वापरायचा आन डाक्टरला दावायचं. आन मावशी, तुमची साखर बी ह्या कुजक्या हिरड्यांपायी उतरंना झालीया."

"आवं, समदं गाव लावतंय," सुलाबाई म्हणाली. "कुणाला काय झालंय?"

हे बोलताना तिच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता.

दिवस भरायच्या आधीच अंकिताच्या पोटात कळा सुरू झाल्या. नवरा कुपवाडच्या कारखान्यातून येईपर्यंतही थांबता आलं नाही, गाडी तशीच सांगलीला निघाली. बाळ फार नाजूक झालं. त्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. सुलाबाई कपडे न्यायला घरी आली आणि परड्यात बसून राहिली. "म्या माज्या हातानं दिली," एवढंच ती पुटपुटली. डबी तिनं विहिरीत टाकली.

बाळ वाचलं, घरी आलं. पण अंकिताची तलफ कुठं गेली होती? एका दुपारी बाळाला झोळीत निजवून तिनं चूल पेटवली, मला जाळावर ठेवलं आणि तंबाखू टाकली. धूर घरात शिरला. आत बाळ खोकू लागलं.

"अंकिता, नगं," सुलाबाई दारातून म्हणाली.

"तुमीच शिकिवलंसा की, आत्या."

सुलाबाई पुढे आली, तापलेल्या मला तिनं उघड्या हातांनी उचललं आणि उकिरड्यावर भिरकावलं.

तिचे दोन्ही तळहात भाजले. साखरेमुळे ती जखम अजून भरलेली नाही. हातांना पट्ट्या बांधून ती आता दातांच्या डॉक्टरांकडे हिरड्या दाखवायला जाते. उशीर झालाय, तरी जाते.

मित्रांनो, सकाळी आणि रात्री झोपताना दात नीट घासा. हिरड्यांतून रक्त आलं तर लपवू नका, घरच्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका. आणि कुणी कितीही मायेनं चिमूट पुढे केली, तरी हात मागे घ्या.

काल तिन्हीसांजेला अंकिता इथं आली होती. बाळ तिच्या खांद्याशी होतं. इकडेतिकडे बघून तिनं पायानं माझ्यावरचा पालापाचोळा बाजूला केला. तेवढ्यात बाळ रडलं, म्हणून ती माघारी गेली. मी जाड लोखंडाचा आहे, इतक्या लवकर गंजून संपणार नाही. ती पुन्हा यायच्या आत मला भंगारवाल्याच्या गाड्यावर टाका.