उतारावर इंजिन बंद

मोटार विकून आम्ही जुनी मोटरसायकल घेतली ती पेट्रोल वाचवायला, पण माझा नवरा तेवढ्यावर थांबणारा नाही. तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासतो. दिवसभर केसाएवढ्या फरकाशी झटापट करणारा माणूस, त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघत नाही. आमच्या घरापुढच्या वळणापासून मोठा लांब उतार लागतो. त्याच्या तोंडाशी तो गाडी थांबवायचा, न्यूट्रलला टाकायचा, किल्ली बंद करायचा आणि पायाने जरा रेटा देऊन गाडी सोडून द्यायचा. किल्ली बंद म्हणजे हॉर्नही बंद. मी मागे जीव मुठीत धरून बसायचे.

खरं सांगायचं तर मला त्या उताराची सवय लागली होती. इंजिनचा आवाज नाही, घरातली कटकट नाही. दिवसभरात आम्ही बोलायचो ते तेवढंच. म्हणजे तो बोलायचा आणि मी त्याला मध्येच तोडायचे.

सुरुवातीला गाडी उताराखालच्या छापखान्यापाशी थांबायची. मग टायरवाल्यापर्यंत जायला लागली. नवरा खूश. "चाकांना ग्रीस भरलंय ना," म्हणाला.

"की माझं वजन वाढलंय म्हणायचंय?"

"मी कुठं काय म्हणालो."

सीट मात्र मला हल्ली पुरेनाशी झाली होती. पाठीला काहीतरी गार टेकायचं. मी पुढे सरकले की तेही सरकायचं. मी कुणाला बोलले नाही. उगाच पुन्हा वजनाचा विषय निघाला असता.

आमची मुलगी सहा वर्षांची, तिला आम्ही भुणभुण म्हणतो, कारण ती एकदा मागे लागली की सोडत नाही. ती शाळेच्या व्हॅनने जायची. नवऱ्याचं म्हणणं, तिलाही गाडीवरच न्यायचं, शाळा उताराच्या पायथ्याशीच तर आहे. मी दर वेळी म्हणायचे, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे भुणभुणलाही कळतं.

परवा उताराच्या तोंडाशी माझी चप्पल पायातून निसटली. ती घ्यायला मी खाली उतरले, वाकले, वर पाहते तर गाडी निघालेली. हाका मारल्या, पण स्वारी गप्पांत रंगलेली. मी शिव्या घालत इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला पायी पोचले आणि दिवसभर चादरी पिळताना संध्याकाळचं भांडण मनात तयार केलं.

संध्याकाळी घरात शिरले तर भुणभुण नाचत होती. "मी उद्यापासून गाडीवर! बाबांनी व्हॅनवाल्या काकांना सांगून टाकलं. तू हो म्हणालीस!"

"मी? कधी?"

"सकाळी. उतारावर," नवरा म्हणाला. तो टेबलापाशी बसून आपला चष्मा पुसत होता.

मुलीला मी आत पाठवलं. मग म्हटलं, "सकाळी उतारावर मी नव्हतेच. तू मला वरच सोडून गेलास."

मला वाटलं तो दचकेल, माफी मागेल. तो काच पुसत राहिला. "माहीत आहे," म्हणाला.

"माहीत आहे म्हणजे?"

"उतार संपता संपता कळलं. मला कुणी मध्येच तोडलं नव्हतं."

मी खुर्ची ओढून बसले. "कोण आहे ती?"

"मागे वळून पाहिलं नाही मी. पण ऐकून घेते गं. सगळं ऐकून घेते. मी म्हटलं, पोरगी पडेल म्हणून आमच्या हिला भीती वाटते. तर म्हणाली, हो, आण तिला, मी धरीन."

"उद्या इंजिन चालू ठेवून जायचं. ऐकतोयस ना?"

"इंजिन चालू असलं की ती येत नाही," तो म्हणाला. इतक्या मायेने तो गेल्या कित्येक वर्षांत माझ्याबद्दल बोलला नव्हता. मला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. त्या रात्री मी मुलीला कुशीत घेऊन पडून राहिले.

सकाळी नवरा आंघोळीला गेला तशी मी भुणभुणचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन पायी निघाले. ती सारखी कुरकुरत होती, गाडी का नाही, गाडी का नाही. मी तिचा हात घट्ट धरला होता. अर्ध्या उतारावर आमच्या शेजारून काहीतरी सरकून गेलं. आवाज नव्हताच, फक्त टायरखालची खडी करकरली.

नवरा होता. मान किंचित मागे वळवून तो बोलत होता, हसत होता. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मागची सीट रिकामी होती, पण गाडीचं मागचं चाक दोन माणसं बसल्यासारखं दबलेलं होतं. मला त्याला हाक मारायची होती. एवढी कुणाला कधी मारावीशी वाटली नव्हती.

तेवढ्यात भुणभुणने त्याला ओळखलं. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

हाक ऐकून तो वळला असता. आणि मागे बसलेलीही वळली असती.

मी मुलीच्या तोंडावर हात दाबला, आणि गाडी टायरवाल्याच्या पुढे, सपाट रस्त्याने, वेग जराही कमी न होता दिसेनाशी होईपर्यंत तो काढला नाही.