पर्थला किती पाणी?

मी झारी बोलतेय, तांब्याची. बितोलाच्या जुन्या बाजारात एका तांबटाने ठोकून ठोकून मला पोट दिलं आणि वेलिकाच्या सासूने मला घरी आणलं.

माझं काम एकच. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या पाठीमागे उंबऱ्यावर पाणी ओतायचं, त्याची वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. तेवढं झालं की माझी आठवण कुणाला राहत नाही.

पूर्वी प्रवासही बेताचे होते. वेलिकाचा नवरा राजधानीला, स्कोप्येला जायचा, बसने तीन तास. अर्धी झारी पुरायची.

नऊ वर्षांपूर्वी मुलगा ब्लागोय पर्थला निघाला. साडेबारा हजार किलोमीटर. नुसते हवेतलेच सतरा तास, वर दोन ठिकाणी विमान बदलायचं. एक अख्खा दिवस जातो. वेलिकाने आपल्या परीने अंदाज बांधला आणि मला तीनदा भरून ओतलं. पोराचे मोजे भिजले.

त्यानंतर तो एकदाच आला, गेल्या उन्हाळ्यात. लग्न केलं आणि विसाव्या दिवशी परत गेला. त्याची बायको ल्युप्का कागदपत्रांची वाट पाहत अकरा महिने सासूजवळ राहिली. मिरच्या भाजताना दोघी फारसं बोलत नसत, पण एकमेकींना धूर लागू देत नसत.

दरम्यान वेलिकाच्या मनाने घेतलं की नऊ वर्षांपूर्वी पाणी जास्त झालं. पोरगा वाहून गेला.

आज सकाळी ल्युप्का निघाली. क्लिमे टॅक्सीवाला दारात उभा. वेलिकाने माझा तळ जेमतेम झाकेल एवढंच पाणी घेतलं.

"आई, एवढंसंच?"

"पुरे. जास्त घातलं की माणूस परतत नाही."

"मी कधी विमानात बसले नाहीये हो. त्यात दोनदा बदलायचंय."

"मग कंटाळशील आणि येशील माघारी. बरंच आहे."

"वेलिकाकाकू, चमचा आणून देऊ का मोजायला?" क्लिमे म्हणाला. "विमान काही थांबायचं नाही."

"तू गप रे. तुझ्यामागे कुणी थेंब टाकत नाही, म्हणून रोज इथेच दिसतोस."

ल्युप्का हसली नाही. तिने मला सासूच्या हातातून घेतलं, नळाखाली काठोकाठ भरलं आणि परत दिलं. थोडं फरशीवर सांडलं.

"यायचं मी बघते, आई. त्यांनाही घेऊन येते. पण आधी मला नीट पोचू तर द्या."

ल्युप्का गाडीत जाऊन बसली. मी जड झाले होते. म्हातारीचं मनगट लवलं. पण गाडीचं दार लागलं तशी तिने मला पूर्ण कलती केली. शेवटचा थेंबही झटकला.

आता दुपार झाली. वेलिका फोनजवळ बसली आहे आणि मला फळीवर न ठेवता मांडीवर घेतलंय. लेकरांनो, मी थकले. माझं पाणी फाटकापलीकडे कधीच गेलं नाही. पुढची वाट तुमची तुम्हीच काढता. फक्त पोचलात की सामान उघडायच्या आधी तिला कळवा. तोवर आम्ही दोघी इथेच आहोत, रिकाम्या.