तीन मगांचा दोरा

आमचे हे कारखान्यात तपासनीस होते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंवर 'पास' किंवा 'नापास' असे शिक्के मारले आणि स्वतः एकही वस्तू केली नाही. त्यामुळे त्यांचं कधी काही चुकलं नाही. निवृत्त होताना शिक्का कारखान्यात ठेवावा लागला, पण सवय ते घरी घेऊन आले. पहिल्या आठवड्यात चहा नापास झाला, दुसऱ्यात पडद्याच्या कड्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांची नजर माझ्या सुईदोऱ्याकडे वळली.

मी गोधड्या शिवते. तेव्हा हातात होती ती आईच्या कपड्यांची. आई गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी तिचं कपाट आवरलं, तेव्हा धाकटीने एकच गोष्ट मागितली: परदेशी राहायला जाताना सोबत न्यायला आईची गोधडी. तिला निघायला महिना होता. आईचे कपडे म्हणजे चार सुती गाऊन आणि थोडे अभ्रे, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. कापड अगदी मोजकं होतं. त्यातला एक तुकडा जरी वाया गेला असता, तरी दुसरा मी कुठून आणणार होते?

दोऱ्याचं रीळ निवडायची माझी एक रीत आहे. टोक सोडवायचं, दोन बोटांत चोळून पीळ बघायचा, उजेडात धरून लव किती आहे ते पाहायचं आणि मग वीतभर दोरा कानाजवळ नेऊन तोडायचा. चांगला सुती दोरा जरासा ताणला जातो आणि बारीक आवाज करून तुटतो. दोरेवाले काका मला वर्षानुवर्षं ओळखतात, त्यांना याची सवय आहे. त्या दिवशी मात्र हे सोबत होते. दोरा तुटतोय हे डोळ्यांनी दिसत असताना तोच विकत घेणारी बाई आपण पहिल्यांदाच बघतोय, असं त्यांनी भर दुकानात जाहीर केलं. काका काहीतरी शोधायला काउंटरखाली वाकले, ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

मी समजावून सांगितलं, की गोधडीचा दोरा कापडापेक्षा जरा कच्चाच हवा. ताण आला तर दोरा तुटावा, कापड फाटू नये. टाका परत घालता येतो. यावर हे म्हणाले, की मुद्दाम कच्चा माल मागणारं गिऱ्हाईक कारखान्यात आलं असतं तर त्याला आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं. आणि त्यांनी स्वतःच्या पसंतीने चकचकीत नायलॉनचं एक रीळ घेतलं.

घरी आल्यावर चाचणी झाली. दोरा चौपदरी करून न्हाणीघराच्या कडीला बांधला, खाली लहान बादली टांगली आणि हे मगाने पाणी ओतत राहिले. माझा दोरा तिसऱ्या मगाला तुटला. त्यांचा दोरा भरली बादली घेऊन लटकत राहिला. निकाल त्यांनी वाचून दाखवला, फरशी मी पुसली. त्या दिवसापासून घरात माझ्या दोऱ्याला 'तीन मग' म्हणू लागले. येणाऱ्याजाणाऱ्या शेजाऱ्यांना बादलीची हकीकत ऐकवली जाई, आणि आयुष्यात कधी सुई हातात न धरलेले लोक माना डोलवत.

मी कानाडोळा केला आणि 'तीन मग'नेच शिवत राहिले. धाकटी निघायला पाच दिवस उरले तेव्हा फक्त एक कोपरा राहिला होता, निळ्या फुलांच्या गाऊनचा. शेवटच्या आजारपणात आई तोच घालायची. तो तेवढा एकच तुकडा होता. त्या दुपारी मी धाकटीला सामान बांधायला मदत करायला गेले, आणि यांच्या मनात मला मदत करायचं आलं.

परत आले तर हे गोधडी मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते. कोपरा त्यांनी नायलॉनने शिवला होता, फूटपट्टी लावून, एकसारखे टाके घालून. पण चाचणीशिवाय माल पास कसा होणार? म्हणून दोन्ही हातांनी धरून जीव खाऊन ओढला होता. दोरा जसाच्या तसा होता. कापड टाक्यांच्या ओळीवरून वीतभर फाटलं होतं, आणि फाटका भाग बोट लावताच विरत होता. मला इतका संताप आला की मी तिथेच बसून रडले. कापडात दोष होता, असंही हे म्हणाले नाहीत.

आता तिथे दुसरा तुकडा घालायला हवा होता, आणि तोही तितकाच जुना. नवं कापड धुण्यात आटतं आणि शेजारच्या जुन्याला ओढून फाडतं. मी सगळं घर पालथं घातलं. शेवटी हे उठले आणि आपल्या कपाटातून कारखान्याचा शर्ट घेऊन आले. हँगरवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, खिशावर 'तपासनीस' असं भरतकाम केलेला.

"हा चालतो का बघ," ते म्हणाले.

तीस वर्षं तो मीच धूत आले होते. तरी मी तो बोटांत चोळला, उजेडात धरला, चांगला वेळ लावला. हे उभे राहून वाट बघत होते. पाठीचं कापड भरपूर होतं, पण मी खिशाचीच बाजू कापली. राग अजून गेला नव्हता.

धाकटी गोधडी न्यायला आली तेव्हा काठाचे थोडे टाके बाकी होते. तिने एकेका तुकड्यावरून हात फिरवला. हा अभ्रा कुठला, हा गाऊन कधीचा, सगळं तिला आठवत होतं. कोपऱ्यापाशी तिचा हात थांबला.

"ताई, आई कधी तपासनीस होती गं?"

यांच्या हातून काही फुटलं की ते माझ्या हातून निसटलं असं सांगायची मला जन्माची सवय. मी म्हणू लागले, की कापड जरा कमी पडलं.

"कमी नव्हतं पडलं," हे म्हणाले. "मी फाडलं. हिने सांगितलेला दोरा मी वापरला नाही."

एवढं बोलताना त्यांचे कान लाल झाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. माझा राग उतरला. सगळा नाही, पण बराच. धाकटीने तो खिसा तळहाताने सारखा केला.

"राहू दे, भावोजी," ती म्हणाली. "यात मी आईचा रुमाल ठेवीन."

झालं, यांना हायसं वाटलं आणि ते ताठ बसले. गोधडीचा दोरा कापडापेक्षा कच्चा का असावा, हे त्यांनी तिला पुढची वीस मिनिटं समजावून सांगितलं. आता आदर्श आकडा तीन मग होता, आणि बरेच लोक इथेच फसतात, असंही सांगून झालं. मी शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला.

"बघितलंस?" हे धाकटीला म्हणाले. "कसा चटकन तुटला. पास."