पात्यापासून हात लांब

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी बायकोला दोन गोड शब्द बोलायला त्या संगमरवर कापणाऱ्या कारागिराची जीभ कधी रेटली नव्हती. नवीन मशीन बसवायला इटलीहून आलेला फिटर मात्र रोज फोनवर आपल्या बायकोला खुशाल "ग्रात्सिए, आमोरे मिओ" म्हणायचा. परक्या भाषेत लाज कमी वाटते, म्हणून एका सकाळी डबा हातात घेताना यानेही तेच म्हटलं.

"म्हणजे काय हो?" तिने विचारलं, आणि गड्याचं अवसानच गळालं.

"मशीनवर लिहिलंय. पात्यापासून हात लांब ठेवा."

तरी रोज डबा घेताना तो ते म्हणायचाच. तिला वाटायचं, बरं आहे, स्वतःला बजावून जातात.

एक दिवस तो डबा विसरला, म्हणून ती कारखान्यात आली. फिटर पात्याखाली हात घालून बसलेला तिला दिसला. "ग्रात्सिए, आमोरे मिओ," ती जिवाच्या आकांताने ओरडली. फिटरने हात बाहेर काढला, छातीवर ठेवला आणि तिच्यापुढे वाकला. अर्थ सगळ्यांनाच ठाऊक होता. कारखाना खो खो हसला. तिचा नवराही हसला.

संध्याकाळी तिने पुन्हा विचारलं. या वेळी त्याने जमिनीकडे बघत खरा अर्थ सांगितला. "माझ्या लाडके, तुझे फार उपकार आहेत."

ती बराच वेळ तो डबा घासत राहिली.

"इतकं चांगलं होतं," ती म्हणाली, "तर तुम्ही का हसलात?"