भिंत धरणाऱ्या पेशी

सेकंद एक. ठमीची पेशी पडद्यावर आली.

सेकंद चार. घरंगळतेय.

सेकंद नऊ. अजून घरंगळतेय. बाई, थांब ना आता.

सेकंद बारा. गेली.

इथे जरा थांबून सांगायला हवं. ठमी म्हणजे या गोष्टीतल्या मावशीची भाची, तिच्या धाकट्या बहिणीची लेक, वय पाच आठवडे. एरवी दोनेक आठवड्यांत गळणारी नाळ तिची अजून गळली नव्हती आणि बेंबीभोवती लाली होती. डॉक्टरांना शंका आली, की हिच्या पांढऱ्या पेशींना शिरेची भिंत धरता येत नसावी. भिंतच धरता आली नाही तर शिरेबाहेर पडून जंतूंशी लढणार कोण? ही तपासणी करणारी प्रयोगशाळा एकच, आणि तिथे ती करणारी एकटी मावशी.

"घरचंच बाळ आहे, दुसऱ्या कुणाला शिकवून करायला लावते," मावशी म्हणाली होती.

"ताई, तू नाही केलीस तर बोलणार नाही तुझ्याशी," बहीण म्हणाली. संपला विषय.

आता त्या पेशीच्या हाताबद्दल. हात म्हणजे एक प्रथिन. वर डोकं, खाली दोन लांब पाय, पावलं पेशीत रोवलेली. एरवी ते गुडघ्यात डोकं खुपसून रुसल्यासारखं बसतं. भिंतीकडून इशारा आला की ताडकन उठतं, पाय फाकवतं आणि डोक्याने भिंत घट्ट धरतं. असे हजारो रुसलेले एकदम उठले की पेशी जागीच थांबते. घरंगळवणारी प्रथिनं वेगळी. ती ठमीकडे झकास होती.

काचेच्या बारीक नळीतून, भिंतीचं प्रथिन लावलेल्या त्या वाटेवरून, तीनशे पेशी गेल्या. थांबल्या किती?

शून्य.

फोन वाजत होता. बहिणीचा. मावशीने तो उपडा ठेवला.

मामा आत आले. प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. नात्याने कुणाचेच मामा नव्हेत, पण चुका काढण्यात सगळ्यांचेच.

"तोंड का उतरलंय?"

"तीनशे पेशी. एकही थांबली नाही, मामा."

"आणि तुझ्या?"

"माझ्या काय?"

"निरोगी माणसाचं रक्त आधी घालायचं असतं. घातलंस?"

मावशीने कपाळाला हात लावला.

"वा! दहा वर्षं पोरांच्या डोक्यावर हेच आदळतेस. कर बाही वर."

मामांनी सुई टोचली. रक्त धुतलं, नळीत सोडलं.

सेकंद एक. मावशीची पेशी.

सेकंद नऊ. घरंगळतेय.

सेकंद बारा. गेली.

"अरेरे," मामा म्हणाले. "चौतीस वर्षं जगलीस कशी गं तू?"

निरोगी मावशीच्याही पेशी थांबत नाहीत, म्हणजे चूक तपासणीतच. मग धुवायच्या द्रावणाची बाटली तिने उचलून फिरवली. मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: मॅग्नेशियम घातलेलं नाही.

ही बाटली तिनेच गेल्या महिन्यात बनवली होती, मॅग्नेशियमशिवाय पेशींना भिंत धरता येत नाही हे दाखवायला! त्या प्रथिनाच्या डोक्याच्या बेचक्यात मॅग्नेशियमचा एक कण बसावा लागतो, तेव्हा कुठे पकड येते. घरंगळायला लागणारं कॅल्शियम मात्र बाटलीत होतं, म्हणून घरंगळणं अगदी नीट चाललं होतं, आणि तिथेच ती फसली.

"मामा, मी गाढव आहे."

"ते लिहून ठेव. दुसरी बाटली आण."

पुन्हा. आधी मावशी: सेकंद चार, थांबली. मामांनी मान डोलावली. मग उरलेल्या नमुन्यातली ठमी:

सेकंद एक. आली.

सेकंद तीन. घरंगळतेय.

सेकंद पाच.

सेकंद सहा.

सेकंद दहा. तिथेच!

तिच्या मागून दुसरी, तिसरी, मग मोजायला बोटं पुरेनात. मामांनी पंपाचा वेग दुप्पट केला. पेशी ढिम्म हलल्या नाहीत. चौपट केला. एक लांबुळकी झाली, पण सोडेना.

"हट्टी आहे कार्टी," मामा म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

मावशीने फोन लावला.

"ताई? बोल. काय ते बोल एकदाचं."

"धरतात गं! तिच्या पेशी भिंत धरतात. तो आजार नाही. लाली डॉक्टर बघतील, साधी असेल."

पलीकडून आलं ते हुंदका की हसू, कळेना.

"मग इतका वेळ फोन का नाही उचललास, भवाने?"

"ते घरी येऊन सांगते. आधी तुझ्या हातात मारण्यासारखं काही नाही ना, ते बघ."